क्लॅरिनेट कोठारात जमा

मंगळवार, १८ जानेवारी

रविवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की बँडची माणसं लढाईच्या जागी जात नाहीत, मुख्यालयाबरोबर मागे राहतात. हे चूक आहे. मागचं खोडायचं नाही, खाली बरोबर लिहायचं, अशी मी काम करते त्या पलटणीच्या कोठारात शिस्त आहे. तीच इथे पाळते.

बरोबर ते असं. लढाईच्या काळात बटालियनचे बँडवाले वाद्यं जमा करतात आणि स्ट्रेचर घेतात. जखमी माणूस जिथे पडला असेल तिथून त्याला उचलून डॉक्टरच्या तंबूपर्यंत आणायचं, हे त्यांचं काम. म्हणजे रायफलवाले जिथे, तिथे हे. फक्त यांच्या हातात रायफल नसते.

आज दुपारी बँडवाले कोठाराच्या दाराशी रांगेनं उभे राहिले तेव्हा मला वाटलं, नवे बूट घ्यायला आलेत. पण प्रत्येकानं आपलं वाद्य कांबळ्यात गुंडाळून आणलं होतं. ट्रंपेट, बासऱ्या, झांजा, मोठा ढोल. कुलूपमामांनी एकेक उघडून पाहिलं, फडताळात ठेवलं आणि ज्याच्या त्याच्या हातात पितळी बिल्ला दिला. (कुलूपमामा म्हणजे आमचे कोठारप्रमुख. ते चहाच्या डब्यालाही कुलूप लावतात. हे नाव त्यांना माहीत आहे आणि आवडतं, असं मला वाटतं.) मग मागच्या खोलीतून स्ट्रेचर निघाली. दोन लांब दांडे, मध्ये जाड कापड.

रांगेत माझा दादाही होता. त्यानं क्लॅरिनेट माझ्याच टेबलावर ठेवली.

"आणि ते कशाला?" मी स्ट्रेचरकडे बोट दाखवलं.

"वाजवायला. जरा मोठं वाद्य आहे, चौघांनी मिळून वाजवावं लागतं."

मागचा उंच माणूस हसला. तो मोठा ढोल वाजवणारा, दादाचा दोस्त. मला हसू आलं नाही. बँड गेल्यावर मामांनी मला नीट समजावून सांगितलं. "तुला कुणी सांगितलं नव्हतं होय?" म्हणाले. सांगितलं नव्हतं हे खरं, पण मी विचारलंही नव्हतं. भिंतीवर बटालियनचा तक्ता आहे. वर कमांडर, त्याखाली चार रायफल कंपन्या, एका बाजूला मुख्यालय कंपनी, आणि तिच्या चौकटीत अगदी तळाला 'बँड'. कागदावर तळाला म्हणजे जमिनीवर मागे, असं मी धरलं. घरी जाऊन आईला तसंच सांगितलं.

आणि चूक तेवढ्यावर थांबत नाही. घरातला एकुलता एक मुलगा असेल तर पलटण निघेपर्यंत आई स्वतः पलटणीच्या कचेरीत जाऊन त्याला मागे ठेवायला सांगू शकते. आई काल, सोमवारी, त्यासाठी जाणार होती. चपला घालून बसली होती. मी रविवारी तक्त्याचं सांगितलं आणि सोमवारी तिनं चपला काढून ठेवल्या. "तू वाचलंयस ना, मग झालं," म्हणाली. रविवारी रात्री तर पुष्कळ दिवसांनी पोटभर जेवली होती.

आज सांगायचं ठरवून घरी आले. ती गादीची शिवण घालत गुणगुणत होती. जीभ उचलली नाही.


रविवार, २३ जानेवारी

दादा दुपारपुरता घरी आला होता. दोन्ही तळहातांना फोड. आईनं त्याचे हात उलटे केले, सुलटे केले, तेल आणलं आणि चोळत बसली.

"क्लॅरिनेट जड झालेली दिसते हल्ली," ती म्हणाली.

"कवायत फार असते गं," दादा म्हणाला.

"असेल."

आणखी काही विचारलं नाही. सुटलो.

नळावर हात धुताना दादानं मला बाजूला घेतलं. "आईला सांगणार नाहीस."

"पण मी तिला चुकीचं—"

"मास्तरीणबाई, ऐका जरा. ती झोपतेय रात्रीची. नीट झोपतेय. पुरे आहे तेवढं."

मला घरात मास्तरीणबाई म्हणतात. शाळेत गेलेली या घरातली मी पहिली. बाबा होते तेव्हा बाजारातल्या पाट्या मला वाचायला लावायचे आणि बरोबरच्या हमालांना सांगायचे, बघा, ही भिंतीशी बोलते. मी जे वाचते ते आमच्याकडे खरं असतं. आजवर मला त्याचा अभिमान होता.


गुरुवार, २७ जानेवारी

कामाचा ढीग. पाठपिशव्या आल्या, पाणबाटल्या आल्या, लोखंडी टोप आले. टोपांची खोकी उघडली तर आत नुसता पेंढा दिसतो, मग हात घातला की गार लागतं. प्रत्येक टोपाच्या आतला कातडी पट्टा ओढून पाहायचा, तुटका असेल तर वेगळा काढायचा. मी एक-एक दोनदा ओढते. शेजारी बसणारी म्हणते, "अगं, डोकं घालायचंय त्यात, लग्न नाही लावायचं." पण मला एकदा ओढून खात्री वाटत नाही.

संध्याकाळी आईनं विचारलं, "पलटण म्हणजे नक्की किती मोठं प्रकरण असतं?" ती असं कधी विचारत नाही. मी बैठक मारून सांगितलं. आठशे माणसांचं एक घर समज. त्या घरात चार मोठे भाऊ, त्या चार रायफल कंपन्या. प्रत्येक भावाची तीन मुलं, त्या प्लाटून. प्रत्येक मुलाच्या तीन चुली, त्या सेक्शन. एका चुलीवर आठ-दहा माणसं आणि त्यांच्यात मिळून एक मशीनगन. बाकी मुख्यालय कंपनी. त्यात तारा ओढून टेलिफोन लावणारे, तोफगोळे डागणारे, रस्ता आणि पूल दुरुस्त करणारे, स्वयंपाकी, गाड्यावाले, चांभार, शिंपी.

"शिंपीपण?"

"शिंपीपण. कपडे फाटतात ना."

तिला ते आवडलं. सुई कापडात खोचली. मग म्हणाली, "आणि एवढ्या घरात कुणी आजारी पडलं, लागलं-बिगलं, तर?"

"डॉक्टर असतो पलटणीचा."

"डॉक्टर काय जाऊन उचलून आणतो?"

मी म्हटलं, "त्यासाठी माणसं असतात." हे खोटं नाही. पण खरं सांगितलं असंही नाही. माझ्या तोंडाकडे पाहत होती ती. मी दिवा नीट करायला उठले.


रविवार, ३० जानेवारी

आज एक विचित्र काम केलं. लिहावं की नाही असं झालं होतं, पण यात लपवण्यासारखं काही नाही.

स्ट्रेचरवाल्यांचा सराव कोठारामागच्या मैदानात चालतो. वाळूची पोती ठेवून उचलतात. त्यांना शिकवणारा हवालदार आज मामांना म्हणाला, "पोतं तक्रार करत नाही हो. धक्का बसला तर ओरडणारं माणूस द्या." मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कामाच्या वेळात असं पडून राहणं योग्य नाही. ते म्हणाले, "आज रविवार आहे. आणि हुकूम आहे."

म्हणून मी स्ट्रेचरवर आडवी झाले. छातीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पत्र्याचा मग. तो दोन्ही हातांनी धरायचा नाही, नुसता बोटांनी सांभाळायचा. पायाशी दादा आणि ट्रंपेटवाला, डोक्याशी ढोलवाले आणि बासरीवाला.

मला माहीत नव्हतं, पण स्ट्रेचर नेताना पावलं जुळवायची नसतात. सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं की कापड झोके घेतं आणि आतल्या माणसाचे हाल होतात. म्हणून एकाचं डावं पडेल तेव्हा दुसऱ्याचं उजवं पडायला हवं. आणि या सगळ्यांनी आजवर केलं काय, तर पावलं जुळवली. त्यातून ढोलवाले म्हणजे अख्ख्या बटालियनला पाऊल देणारा माणूस. चार पावलं झाली की सगळे त्यांच्या तालात येत आणि माझ्या गळ्यावर पाणी.

"अरे, तू आता ढोल वाजवू नकोस!" दादा ओरडला.

"मी कुठं वाजवतोय?"

"पायानं वाजवतोयस!"

हवालदार म्हणाला, "लग्नाच्या वरातीत निघालात का? मोडा चाल, मोडा!"

मी चिंब झाले. ढोलवाले फार खजील झाले. खाली वाकून म्हणाले, "लागलं नाही ना?" त्यांना उलटं दिसत असलेला माझा चेहरा कसा दिसत असेल कोण जाणे. मी म्हटलं, पाणी लागत नाही. मग त्यांनी काहीतरी ओबडधोबड पुटपुटायला सुरुवात केली, एक आकडा पुढचा, एक मागचा, ताल मुद्दाम चुकवत. त्या पुटपुटण्यावर चौघं चालले. वर नुसतं आभाळ सरकत होतं. मैदानाच्या टोकापर्यंत एक थेंब सांडला नाही.

"सांडलं नाही!" ते एवढ्या आनंदानं म्हणाले की सगळे थांबले.

मग मात्र मगातलं पाणी आपोआप हलायला लागलं. माझं काळीज इतकं धडधडत होतं. उंचावरून जायची सवय नाही, म्हणून असावं.

त्यांच्याविषयी एक गोष्ट मला खटकते. कोठारातल्या बाकी सगळ्या बायकांना ते ताई म्हणतात. मला काहीच म्हणत नाहीत. "अहो, ते," असं म्हणून बोलायला लागतात. माझं काही चुकलं असेल का, ते दादाला विचारायला हवं.


मंगळवार, १ फेब्रुवारी

विचारलं नाही. दादा हसेल असं वाटलं. का ते ठाऊक नाही.


शुक्रवार, ४ फेब्रुवारी

मामांनी आज सगळे गेल्यावर मला थांबवलं. पलटण गेली तरी एक छोटी तुकडी मागे राहते. मागे राहिलेलं सामान, सैनिकांच्या पेट्या, बँडची वाद्यं सांभाळायला. "वाद्यांना तेल-पाणी लागतं," ते म्हणाले, "चामडं आक्रसतं, लाकूड तडकतं. बँडचाच माणूस हवा मला. तुझा भाऊ चालेल."

मी लगेच टाक आणि कागद पुढे ओढला.

"पण बहिणीनं सांगून होत नाही. आईनं येऊन सांगायला हवं. एकुलता आहे, हक्क आहे तिचा. मी कागद तयार ठेवतो. पलटणीच्या कचेरीत येऊन नुसतं एक वाक्य बोलायचं."

मी विचारलं, "त्याच्या जागी?"

"त्याच्या जागी दुसरा. स्ट्रेचरला चार माणसं लागतात, तीन नाही."

घरी चालत आले. वाटेत मला सारखं दिसत होतं, कुणीतरी एक दुसरा दादा. त्याची बहीण कदाचित शाळेत गेलेली नसेल, तिनं तक्ता पाहिला नसेल, तिला कुणी थांबवून काही सांगितलं नसेल. मग दिसायचं आमचा दादा, रायफल नसलेल्या हातांनी. दोन्ही चित्रं एकदम दिसली की मला रस्त्यातच थांबावं लागायचं. एका बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का.

आईला मी आता दोन गोष्टी सांगितलेल्या नाहीत.


रविवार, ६ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. आम्ही जिन्याखाली बसलो होतो. तो म्हणाला, "मामा चांगला माणूस आहे."

"मग?"

"मग काही नाही. मी जाणार."

मी रडायला लागले, तेही आवाज न करता, कारण आई आत होती. मी म्हटलं, तू निदान मला आधी सांगायला हवं होतंस, म्हणजे मी घरी तसलं काही बोलले नसते.

"मला भरतीच्याच दिवशी माहीत होतं," तो म्हणाला.

"आणि मी तक्त्याचं सांगत होते तेव्हा तू शेजारी बसला होतास!"

"बसलो होतो. तू बोटानं चटईवर चौकोन काढून दाखवत होतीस. एवढ्या खात्रीनं. आई तोंड उघडून ऐकत होती आणि तिनं चक्क दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी म्हटलं, राहू दे."

मला त्याचा इतका राग आला की त्याच्या दंडावर मारलं. त्यानं मारू दिलं. मग तो म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिते:

"हे बघ, आमच्या चौघांना चाल मोडायला इतके दिवस लागले. आता कुठं पाणी सांडत नाही. मी यातून बाजूला झालो तर नवा माणूस येणार आणि पहिल्यापासून सगळं. मधल्या काळात आतला माणूस हेलकावे खाणार. क्लॅरिनेटला तेल काय, तूही लावशील."

"आणि आईचा हक्क?"

तेवढ्यात आईनं आतून हाक मारली, "काय खलबतं चाललीत दोघांची? या आत, गार होतंय."


मंगळवार, ८ फेब्रुवारी

ढोलवाले आज कोठारात एकटे आले. हातात ढोलाची काठी, टोकाला लोकरीचा गोळा असलेली. मी म्हटलं, काठी ढोलाबरोबरच जमा धरतात, तिला वेगळा बिल्ला देता येत नाही.

"बिल्ला नको," ते म्हणाले. "फडताळात नको ठेवायला. कसर लागते लोकरीला."

"मग कुठे ठेवायची?"

"तुमच्याकडे."

मी त्यांना सांगितलं की सामान घरी नेणं नियमात बसत नाही. ते म्हणाले, काठी पलटणीची नाही, माझी स्वतःची आहे, पहिली मोडली तेव्हा मी ही करवून घेतली. तसं असेल तर हरकत नाही. मी विचारलं, परत कधी न्याल, म्हणजे मला लक्षात ठेवायला. ते म्हणाले, "आलो की पहिल्यांदा तिथंच येईन. घरी नंतर जाईन."

हे मला जरा चमत्कारिक वाटलं. स्वतःच्या घरच्यांआधी काठी? पण वाजवणाऱ्यांचा आपल्या वस्तूंवर जीव असतो, दादाचंही तसंच आहे. मी काठी स्वच्छ फडक्यात बांधून माझ्या पेटीत ठेवली आहे. दिवसातून एकदा कसर लागली नाही ना ते पाहते. आज तीनदा पाहिलं.

ते अजून मला ताई म्हणत नाहीत. आता मला त्याचं काही वाटत नाही.


गुरुवार, १० फेब्रुवारी

पलटणीला डबाबंद अन्न वाटलं गेलं. मामांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण कोठारात बसणाऱ्याला कळतं. आधी टोप जातात, मग कांबळी, शेवटी डबे. निघण्याचा दिवस मला आता माहीत आहे. तो बाहेर सांगायचा नाही अशी आम्ही शपथ घेतली आहे, म्हणून मी तो इथेही लिहिणार नाही.

घरी आले तर आई खांद्यावर घ्यायच्या जाड पट्ट्या शिवत होती. आत कापूस, वर तिहेरी कापड, मधोमध दाट टाके. बाबांना ती अशाच करून द्यायची, पोती वाहताना खांदा सोलू नये म्हणून. दोन झाल्या होत्या.

"दादाला," म्हणाली. "वाद्याचा पट्टा खांद्याला काचतो."

क्लॅरिनेटला खांद्यावर घ्यायचा पट्टाच नसतो. सांगावंसं वाटलं, पण तिचा उत्साह मोडवेना. बाबांची आठवण येत असेल तिला हल्ली. हात आपोआप जुन्या कामाकडे वळतात.

"छान झाल्यात," मी म्हटलं.

"आणखी सहा करते. त्याच्याबरोबरच्या तिघांनाही होतील." मग दोरा दातांनी तोडत म्हणाली, "त्या ढोलवाल्याचे खांदे केवढे आहेत गं?"

मी हातानं दाखवलं. ती माझ्या हातांकडे बघून हसली. मी जास्त रुंद दाखवले की काय?


शनिवार, १२ फेब्रुवारी

आजचं लिहिताना मला लाज वाटते आहे.

कामावरून येताना जिन्यापाशी होते. आमचं दार उघडं होतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकू आत बोलत होत्या. मी आत जाणारच होते, पण त्यांचं वाक्य कानावर आलं आणि मी कठड्याशीच थांबले.

"अगं, बँडवाल्यांनाच धाडतात म्हणे पुढे, पडलेल्यांना उचलायला. माझा भाचा सांगत होता. तुला कुणी बोललं नाही?"

"तुमच्या भाच्यानं ऐकलं असेल," आई म्हणाली. "माझ्या मुलीनं वाचलंय."

"वाचलंय तर वाचलंय, चुकत नाही का माणूस? एवढीशी पोर ती. तू जाऊन विचार तरी कचेरीत. एकुलता तुझा."

"काकू, या घरात वाचणारी ती एकटी आहे. तिनं सांगितलं ते इथं खरं. तिच्यासमोर हे पुन्हा काढू नका."

"मी तुझ्या भल्यासाठी—"

"माहीत आहे मला. तुमचं दूध उतू जातंय, वास येतोय. जा."

कसलाही वास येत नव्हता. काकू पुटपुटत जिना चढून गेल्या, मला पाहिलंही नाही. मी जरा वेळानं आत गेले. आई खिडकीशी पाठमोरी उभी होती. एक चादर घडी करत होती, उलगडत होती, पुन्हा घडी करत होती.

"आलीस?" मागे न वळताच म्हणाली. "हात-पाय धू."

तिचा माझ्यावर एवढा विश्वास आहे की खरं तिच्या कानाशी येऊन उभं राहिलं तरी ती ऐकत नाही. माझ्या एका चुकीसाठी ती शेजाऱ्यांशी भांडते आहे. मी तिला आंधळी करून ठेवली आहे. शाळेत मला हे शिकायला पाठवलं होतं का?


सोमवार, १४ फेब्रुवारी

दादाला गुरुवारी संध्याकाळी घरी यायची परवानगी आहे, जेवून परत. आई म्हणाली, ढोलवाल्यालाही घेऊन ये म्हणावं. पट्ट्या आठही तयार आहेत.

मामांना आज मी विचारलं, आईनं यायचंच ठरवलं तर कधीपर्यंत चालेल. गुरुवारी दुपारपर्यंत, म्हणाले. त्यानंतर त्यांच्या हातात काही नाही. मग म्हणाले, "तू सांगितलंस तिला?" मी नाही म्हटलं. त्यांनी चहाच्या डब्याचं कुलूप काढलं आणि मला चहा करून दिला.

मी खूप विचार केला. दादाचं म्हणणं मला कळतं. चार माणसांची मोडलेली चाल मलाही कळते, मी त्यावर पडून आभाळ पाहिलं आहे. मागे राहा असं मी त्याला म्हणणार नाही, आणि आईलाही तसं सुचवणार नाही. दुसऱ्या कुणाच्या दादाला त्या दांड्याशी उभं करायला माझी जीभ वळणार नाही. पण जाऊ दे म्हणायचं की नाही, ते आईचं आहे. ते मी तिच्याकडून न विचारता काढून घेतलं. तिनं हो म्हटलं ते एका चटईवरच्या चौकोनाला. तिला खऱ्याला हो म्हणता यायला हवं, किंवा नाही.

दादा रागावेल. एकदा मी त्याला मारलं होतं, आता त्यानं मारावं.

कसं सांगायचं ते ठरवलं आहे. आधी चूक, मग तिचा हक्क, मग मामांची जागा, मग दादाचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत. माझं मत शेवटपर्यंत नाही. तिनं विचारलं तर खरं सांगायचं, की मला ठाऊक नाही आणि मला फार भीती वाटते.

आज नाही. आज तिला गाद्यांच्या कारखान्यातून यायला उशीर आहे, आणि दमलेल्या माणसाला असं सांगू नये. उद्याही नाही, उद्या आमच्याकडे उरलेले डबे वाटायचे आहेत आणि मी केव्हा सुटेन ते माहीत नाही. गुरुवारी सांगितलं तर तिला विचार करायला वेळ राहणार नाही, आणि डोळे सुजवून ती दादाला वाढेल. एक अख्खा दिवस तिला मिळायला हवा. कचेरीत जायचं तर जायला, नाही तर माझ्यावर मनसोक्त रागवायला, म्हणजे तो येईल तेव्हा तिच्याकडे फक्त माया उरलेली असेल.

बुधवारी ती उशिरा कामावर जाते. मीही मामांकडून अर्धा दिवस मागून घेतला आहे. चहा झाल्यावर, तिच्या हातात सुई नसताना, तिच्यासमोर बसून सांगणार. बुधवार, सोळा फेब्रुवारी.